पोहताना धाप का लागते?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ६१, वजन ८४ किलो, दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झालेली आणि रक्तातली साखर अगदी काठावर. फिरायला जा म्हणावे, तर चौकापर्यंत जाईतो गुडघे ठणकायला लागतात. म्हणून मी त्यांना सांगितले, "गुरुजी, तुम्ही पोहायला लागा. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही आणि व्यायाम मात्र सर्वांगाला होतो."

सल्ला चुकीचा नव्हता. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले, तरी पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. गुरुजी लहानपणी नदीला पोहत असत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या जलतरण तलावाचा पास काढला.

आठव्या दिवशी गुरुजी परत दारात. "डॉक्टर, तुमचे औषध काही मला सोसत नाही."

"का? काय झाले?"

"आधी आपले नदीतल्यासारखे, बेडकासारखे पोहलो. तर गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली. मग तिथला मुलगा म्हणाला, सर, फ्री स्टाईल मारा. ती मारली, तर अर्ध्या तलावातच छाती भरून आली. कठडा धरून पाच मिनिटे नुसता धापा टाकत होतो. आता हे वय राहिले नाही."

साठीच्या माणसाने छाती भरून आली म्हटल्यावर ते हसण्यावारी नेता येत नाही. मी त्यांचा ई.सी.जी. काढला, रक्तदाब पाहिला, जिल्ह्याच्या गावी पाठवून चालत्या पट्ट्यावरची हृदयाची तपासणीही करून घेतली. सगळे ठीक होते. फुप्फुसेही स्वच्छ. मग हृदय आणि फुप्फुसे धड असलेल्या माणसाला १२ मीटर पोहताना इतकी धाप का लागावी?

डॉक्टरही बुडाले!

खरे सांगायचे तर याचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते. मी स्वतः खेड्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेला. काठावरून मुटका मारण्यात आमचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हा गुरुजींना धीर द्यायला म्हणून एका सकाळी मीही त्यांच्याबरोबर तलावावर गेलो. २५ मीटरचा तो तलाव. पहिली फेरी कशीबशी पुरी केली आणि दुसऱ्या फेरीत, साधारण गुरुजी थांबले होते तिथेच, मीही कठडा धरला. धाप तीच. शिवाय उजवा खांदा दुखायला लागला तो वेगळाच.

तलावावरचे प्रशिक्षक आमचा हा पराक्रम पाहत होते. वयाने माझ्या मुलाएवढे. जवळ येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही श्वास सोडता कधी?"

दिवसभर पेशंटला 'श्वास घ्या, श्वास सोडा' म्हणणारा मी. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण मी श्वास सोडतच नव्हतो. त्यानंतरचे सहा आठवडे आम्ही दोघे त्या तरुणाचे विद्यार्थी झालो. तिथे जे शिकलो, ते वैद्यकाच्या भाषेत पडताळून पाहिले आणि पटले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

स्पर्धेच्या नियमात फ्री स्टाईल म्हणजे मनाला येईल त्या पद्धतीने पोहणे. पण सर्वांत वेगवान म्हणून सगळेच एक पद्धत वापरतात: पालथे पडून, दोन्ही हात आळीपाळीने पुढे टाकत, पाय वरखाली हलवत पोहण्याची. सामान्य माणसाला तिचा एक मोठा फायदा आहे. बेडकासारखे पोहताना पाय फाकवून झटक्याने जवळ आणताना गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधांवर ताण पडतो. फ्री स्टाईलमध्ये हा पीळ नसतो. त्यामुळे गुरुजींसारख्यांच्या गुडघ्यांना तीच पद्धत मानवते. मात्र ती नीट जमली पाहिजे. आणि ती ताकदीने जमत नाही, क्रमाने जमते. पहिला क्रमांक श्वासाचा.

आधी श्वास सोडा

नवशिका माणूस तोंड पाण्यात घालताना छाती फुगवून श्वास कोंडून धरतो. तोंड बाहेर काढले की त्या एका क्षणात त्याला आतली हवा टाकायचीही असते आणि नवी घ्यायचीही असते. वेळ मिळतो जेमतेम सेकंदभर. मग होते काय, जुनी हवा निम्मीशिम्मी जाते आणि तिच्यावरच थोडी नवी भरली जाते. भरल्या घागरीत पाणी ओतण्यातलाच हा प्रकार. चार-सहा वेळा असे झाले की जीव घाबरा होतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. गुदमरल्याची ती भावना प्रामुख्याने प्राणवायू संपल्यामुळे येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूतले श्वसनकेंद्र 'श्वास घे' असा हुकूम सोडते. म्हणजे पोहणाऱ्याची अडचण हवा कमी मिळण्याची नसते, वापरलेली हवा बाहेर न टाकण्याची असते.

उपाय सोपा आहे. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडाने सावकाश, अखंड बुडबुडे सोडत राहायचे. तोंड बाहेर आले की फक्त श्वास घ्यायचा, तोही तोंडाने. आम्हाला पहिला आठवडाभर पोहूच दिले नाही. उथळ बाजूला छातीइतक्या पाण्यात उभे राहून, दांडी धरून, वाकून तोंड पाण्यात घालायचे, मनात चार आकडे मोजेपर्यंत बुडबुडे सोडायचे, मान एका बाजूला वळवून श्वास घ्यायचा, की पुन्हा तोंड पाण्यात. असे वीस वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा वीस. गुरुजी म्हणाले, "पहिलीच्या पोरांना मी मुळाक्षरे अशीच गिरवायला लावत होतो."

डोके वर, पाय खाली

दुसरा दोष डोक्याचा. विहिरीत आणि नदीत आपण डोके वर काढून पोहतो. तिथे ते बरोबरच आहे. समोर खडक आहे की दुसरा पोहणारा आहे, हे पाहावे लागते. पण फ्री स्टाईलमध्ये हीच सवय नडते.

बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, हे आपल्याला माहीत आहे. पाण्यात शरीराचे तसेच असते. छातीत हवेने भरलेली फुप्फुसे असल्याने छाती तरंगते. मांड्या आणि पोटऱ्या जड, त्या बुडू पाहतात. अशा वेळी डोके वर उचलले की मागची बाजू आणखी खाली जाते आणि शरीर पाण्यात तिरके होते. मग आपण पाणी कापत नाही, ते ढकलत जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि वेग दुप्पट केला तर त्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणून तिरक्या शरीराने जोर लावणाऱ्याची शक्ती पुढे जाण्यापेक्षा पाण्याशी झटण्यातच खर्ची पडते. अंगात ताकद असलेले तरुणही दोन फेऱ्यांत गळाठतात, ते यामुळेच.

तेव्हा नजर समोरच्या भिंतीकडे नको, तळाकडे हवी. मान सैल, डोक्याचा मागचा भाग जेमतेम पाण्याबाहेर. हे अंगवळणी पडावे म्हणून भिंतीला पायाने रेटा देऊन, दोन्ही हात कानांना लागून पुढे ताणून, काहीही हालचाल न करता किती लांब घसरत जातो ते पाहावे. मी पहिल्या दिवशी फार तर तीन मीटर गेलो. डोके खाली ठेवायला शिकल्यावर हातपाय न हलवता सहा मीटर जाऊ लागलो. ते तीन मीटर फुकटात मिळाले.

मान नव्हे, अंग वळवा

मग श्वास कसा घ्यायचा? डोके उचलून नव्हे, वळवून. त्यातही नुसती मान पिळायची नाही. उजवा हात मागे जात असताना खांद्यापासून कमरेपर्यंतचे सगळे अंग उजव्या कुशीकडे थोडे कलते, त्याच्याबरोबर तोंड वळू द्यायचे. एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर, इतकेच वळणे पुरे. पुढे सरकताना डोक्यासमोर पाण्याची छोटी लाट उठते आणि तिच्या मागे, गालाजवळ, पाणी थोडे खोलगट होते. तोंड त्या खोलगट जागेत आले की पुरेशी हवा मिळते. नवशिक्याला वाटते, आकाश दिसल्याशिवाय हवा मिळणार नाही. हा निव्वळ भीतीचा भाग आहे.

दोन्ही कुशींवर श्वास घ्यायला शिकणे चांगले. एकाच बाजूला सवय लावली तर मान आणि खांदा त्या बाजूला अवघडतो. पण सुरुवातीलाच तीन-तीन हातांनी श्वास घेण्याचा अट्टहास नको. धाप लागत असेल, तर एका बाजूने प्रत्येक वेळी घ्या. जमू लागल्यावर बाजू बदला.

खांदा सांभाळा

आता माझ्या दुखऱ्या खांद्याविषयी. खुब्याच्या सांध्याला खोल वाटी असते, त्यामुळे तो भक्कम बसतो. खांद्याची वाटी उथळ असते. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. पण सांधा जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः चार छोट्या स्नायूंना आणि त्यांच्या दोऱ्यांसारख्या टोकांना करावे लागते. हात चुकीच्या कोनात वारंवार वर गेला की ही टोके वरच्या हाडाखाली घासतात, सुजतात आणि दुखतात. पोहणाऱ्यांमध्ये हे दुखणे नेहमी आढळते.

माझ्या दोन चुका होत्या. एक म्हणजे हात पाण्यात टाकताना तो डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला जात होता. दुसरी म्हणजे अंगठा खाली करून मी हात पिळून टाकत होतो. दोन्हींमुळे खांदा आतल्या बाजूला वळतो आणि घासणे वाढते. हात आपल्याच खांद्याच्या रेषेत, बोटे आधी आणि तळवा पाण्याकडे, असा शिरला पाहिजे. घड्याळाची उपमा द्यायची तर डोके बारावर असताना उजवा हात एकवर आणि डावा अकरावर.

पाण्यात शिरल्यावर लगेच ताठ हाताने पाणी खाली दाबू नका. खाली दाबले तर छाती वर उचलली जाते, पुढे सरकणे होत नाही. कोपर वरच ठेवून बोटे खाली वळवा, म्हणजे तळवा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून एक वल्हे तयार होते. त्या वल्ह्याने पाणी मांडीपर्यंत मागे लोटायचे. पाणी मागे गेले तरच आपण पुढे जातो. यासाठी प्रशिक्षकांनी आम्हाला एक गमतीचा प्रयोग दिला. दोन्ही मुठी घट्ट आवळून एक फेरी पोहा. तळवा नसल्याने कोपरापुढचा हात आपोआप कामाला लागतो. मग मुठी उघडून पोहिले की हाताला एकदम पाण्याची पकड जाणवते.

पायांनी धिंगाणा नको

जास्त पाणी उडाले म्हणजे जास्त व्यायाम, हा एक गैरसमज. मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते जोरात चालवले की प्राणवायू भराभर खर्च होतो. फ्री स्टाईलमध्ये पुढे नेण्याचे बहुतेक काम हात करतात. पायांचे मुख्य काम शरीर आडवे आणि तोललेले ठेवण्याचे.

याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या जवानाने १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्ग येथे पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्री स्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट आला, तो अनेकांनी पाहिला असेल. पायांच्या बळाशिवाय माणूस पाण्यात कुठवर जाऊ शकतो, हे त्यावरून समजावे.

पाय मांडीच्या मुळापासून हलवा, गुडघ्यापासून नव्हे. सायकल मारल्यासारखे गुडघे पोटाकडे आले की मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि ब्रेक लागतो. गुडघा किंचित सैल, घोटा सैल, चवडा मागे ताणलेला, आणि हालचाल वीतभर किंवा थोडी अधिक. टाच पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन खाली जाते आहे, एवढे पुरे.

सहा आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला अर्धा तास, असा आमचा क्रम होता. पहिला आठवडा नुसता श्वास. दुसऱ्यात रेटा देऊन घसरणे आणि हलके पाय. तिसऱ्यात एक हात पुढे ताणून, त्या दंडावर कान टेकवून, कुशीवर पाय मारत जाणे. चौथ्यात एकेक हात. पुढचा हात पुढेच ठेवायचा, मागचा येऊन त्याला टेकला की मगच तो निघायचा. पाचव्यात मुठी आवळून पोहणे. सहाव्या आठवड्यात सगळे एकत्र, पण एक फेरी झाली की श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबायचे.

प्रगती मोजायला घड्याळ लागत नाही. एका फेरीला किती हात मारावे लागतात ते मोजा. मला सुरुवातीला २५ मीटरला ३४ हात लागत होते, सहा आठवड्यांनी २५. तेवढेच अंतर, नऊ हात कमी. धाप कमी झाली ती या नऊ हातांमुळे. माझी ताकद काही वाढली नव्हती.

हे मात्र पाळा

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. पोहताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर असे काही झाले तर 'तंत्र चुकले असेल' म्हणत बसू नका. ताबडतोब बाहेर या आणि डॉक्टरकडे जा. गुरुजींच्या बाबतीत दोष श्वासाचा निघाला, पण तो तपासणीनंतर निघाला, हे विसरू नये.

साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पाण्यात उतरू नये आणि काठावर साखर ठेवावी. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आणि सोबत जाणता माणूस असल्याशिवाय पोहू नये. कानाच्या पडद्याला भोक असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना विचारावे. खांदा पोहून झाल्यावरही दुखत राहिला तर चार दिवस विश्रांती द्यावी, दुखण्यावर पोहू नये.

मुलांच्या पालकांना एक कळकळीची सूचना. जोरजोरात श्वास घेऊन पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज मुले लावतात. ती लावू देऊ नका. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूचा तो हुकूम वेळेवर येत नाही. इकडे प्राणवायू संपत जातो आणि मूल गुदमरल्याची जाणीव न होताच पाण्यात बेशुद्ध पडते. पट्टीचे पोहणारेही असे दगावले आहेत. आणि कितीही चांगले येत असले, तरी विहिरीत, नदीत वा तलावात एकट्याने पोहू नये.

गुरुजी आता सलग आठ फेऱ्या मारतात. वजन पाच किलोने उतरले आहे. गुडघे बरे झाले असे मी म्हणणार नाही, झिजलेली कूर्चा पोहण्याने परत येत नाही. पण मांडीचे स्नायू सुधारल्यामुळे जिना चढताना कठड्याचा आधार लागत नाही. परवा ते नातवाला उथळ बाजूला उभे करून बुडबुडे काढायला लावत होते आणि पोरगा सूर मारायचा म्हणून रडत होता.

या सगळ्यात माझीही एक चूक सुधारली. पूर्वी मी पेशंटला 'पोहत जा' एवढेच सांगून मोकळा होत असे. आता चिठ्ठीवर लिहून देतो: पहिला आठवडा पोहायचे नाही, नुसते बुडबुडे काढायचे.